गाठ विरघळल्यानंतर

स्तनाच्या कर्करोगावर अलीकडे पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या आधीच औषधोपचार सुरू करतात. चारसहा महिने ठरावीक अंतराने शिरेतून औषधे द्यावयाची, गाठ लहान झाली म्हणजे शस्त्रक्रिया करावयाची आणि काढलेला भाग तपासणीसाठी विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवावयाचा, असा हा क्रम असतो. काही दिवसांनी अहवाल येतो. काही भाग्यवान स्त्रियांच्या अहवालात असे लिहिलेले असते की, तपासलेल्या भागात आणि काखेतील ग्रंथींत कोठेही आक्रमक कर्कपेशी आढळल्या नाहीत. घरात पेढे वाटावे असे हे वाक्य. परंतु तोच कागद हाती घेऊन डॉक्टर बोलू लागतात तेव्हा 'रोग गेला' हे शब्द सहसा त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाहीत. 'प्रतिसाद उत्तम मिळाला आहे, आता नियमाने दाखवीत राहा,' एवढेच ते म्हणतात. नातेवाइकांना वाटते, डॉक्टर काहीतरी हातचे राखून बोलत आहेत.

वस्तुतः ते काही लपवीत नसतात. अहवाल बोलतो तो काढलेल्या भागाविषयी. आणि स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू ओढवतो तो बहुधा हाडे, यकृत, फुफ्फुसे किंवा मेंदू अशा दूरच्या ठिकाणी रोगाने बस्तान मांडल्यामुळे. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की, गाठ विरघळण्यापूर्वी तिच्यातून काही पेशी निसटून कोठे दडून बसल्या असतील काय, आणि असल्यास त्या पुढे डोके वर काढतील की नाही, हे आज सांगता येईल काय? भारतात २०२२ या एका वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला असा अंदाज आहे. यांतील प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो; कधी मोठ्याने, पुष्कळदा मनातल्या मनात.

या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने एक मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. रोग गाठीपासून सभोवार, पायरीपायरीने पसरतो, अशी त्याची धारणा होती. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सारे एकसंध काढून टाकावे, म्हणजे रोगाचे मूळच उपटले जाईल, असे त्याला वाटे. पाऊणशे वर्षे जगभर स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया होत राहिली. हात सुजत, छाती खोलगट होई आणि तरीही कित्येकींना काही वर्षांनी दूरच्या हाडात रोग उद्भवे.

याचे मर्म सांगणारी नोंद हॉल्स्टेडच्याच काळात होऊन गेली होती. १८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. रक्ताच्या प्रवाहाबरोबर पेशी वाहत जात असतील आणि जेथे अडकतील तेथे वाढत असतील, तर ज्या इंद्रियांना रक्त विपुल मिळते त्या सर्वांत रोग सारखाच दिसावयास हवा. पॅजेट यांना तसे दिसले नाही. यकृतात रोग होता २४१ जणींच्या. रक्ताने भरलेल्या प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणींच्या. त्यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, बी चहूकडे उडते, पण मानवणारी जमीन मिळेल तेथेच ते रुजते. शेतीच्या देशात राहणाऱ्या आपल्याला हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाही. त्याआधी वीस वर्षे, १८६९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील थॉमस अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टराने कर्करोगाच्या एका मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. म्हणजे बी वाऱ्यावर उडते हेही कोणीतरी पाहून ठेवले होते. पण नोंद झाली म्हणजे तिची दखल घेतली जातेच असे नाही, हा अनुभव कचेऱ्यांप्रमाणे शास्त्रातही येतो.

दखल घेतली ती अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ पासून त्यांनी सोळाशेंहून अधिक स्त्रियांवर हॉल्स्टेडची मोठी शस्त्रक्रिया आणि तीहून लहान शस्त्रक्रिया यांची तुलना आरंभिली. पंचवीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आयुर्मर्यादेत फरक नव्हता. चाकू किती रुंद चालवावा यावर परिणाम अवलंबून नव्हता. कारण ज्यांचा रोग पसरणार होता त्यांच्या पेशी गाठ सापडण्यापूर्वीच घर सोडून गेल्या होत्या. इटलीत मिलान येथे ज्यानी बोनादोना यांनी याच विचाराने शस्त्रक्रियेनंतर काखेत रोग आढळलेल्या ३८६ स्त्रियांवर प्रयोग केला. त्यांपैकी निम्म्यांहून अधिकींना तीन औषधांचा संयुक्त उपचार दिला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उपचार घेतलेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. शस्त्रक्रियेने गाठ निघाली असताना औषधे कशाला, असे आजही पुष्कळ रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर या प्रयोगात आहे. ती औषधे आहेत उडून गेलेल्या बियांसाठी.

मग ती औषधे शस्त्रक्रियेच्या आधीच दिली तर? फिशर यांच्याच संघटनेने १९८८ पासून १,५२३ स्त्रियांवर ही तुलना केली. औषधे आधी दिली काय किंवा मागाहून दिली काय, आयुष्य सारखेच लाभले. परंतु आधी दिल्याने एक अनपेक्षित लाभ झाला. औषध लागू पडते की नाही हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले! ज्यांची गाठ समूळ नाहीशी झाली त्यांचा पुढील काळ इतरांहून चांगला गेला. भविष्य वर्तविण्याचे एक साधन हाती आले ते असे.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या साधनाविषयी गैरसमज फार आहेत. २०१४ साली बारा प्रयोगांतील ११,९५५ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या स्त्रियांत रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे निम्मा होता. मात्र याच पाहणीत दुसरी एक चमत्कारिक गोष्टही दिसली. अधिक स्त्रियांच्या गाठी नाहीशा करणारा उपचार अधिक स्त्रियांचे प्राण वाचवीलच, असे त्या प्रयोगांवरून सिद्ध करता आले नाही. एका स्त्रीपुरता जो शुभशकुन, तो उपचाराच्या गुणवत्तेचे माप म्हणून तितका विश्वसनीय ठरला नाही. याचे एक कारण असे की, स्तनाचा कर्करोग हा एकच रोग नाही. एका नावाखाली निदान तीन रोग नांदतात. काही गाठी स्त्रीसंप्रेरकांवर पोसतात. काहींच्या पेशींवर हर-टू नावाच्या प्रथिनाची दाटी असते. आणि ज्यांत या दोन्ही खुणा नसतात त्यांना ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. शेवटच्या दोहोंत गाठ समूळ गेली की ती बातमी खरोखर मोठी असते, आणि उरली तर चिंतेचे कारण असते. संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठी मात्र अशा औषधांनी क्वचितच समूळ जातात. पण गेली नाही म्हणून त्या स्त्रीचे भवितव्य वाईट असे ठरत नाही, कारण तिच्यासाठी पुढे संप्रेरकरोधक गोळ्यांचा मोठा आधार असतो. तेव्हा शेजारणीच्या अहवालाशी आपला अहवाल ताडून पाहण्यात अर्थ नाही.

गाठ 'गेली' आणि 'राहिली' एवढे दोनच कप्पेही पुरेसे नाहीत. अमेरिकेत ह्यूस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये उरलेल्या रोगाचे मोजमाप करण्याची एक रीत घालून दिली. उरलेल्या भागाचा विस्तार, त्यात कर्कपेशींची दाटी, काखेतील रोगग्रस्त ग्रंथींची संख्या आणि त्यांतील सर्वांत मोठ्या डागाचा आकार यांवरून शून्य ते तीन अशा चार श्रेणी लावतात. शून्य म्हणजे काही उरले नाही. एक म्हणजे किंचित उरले, आणि या श्रेणीतील पुष्कळ स्त्रियांचे पुढे ठीक चालते. तीन म्हणजे पुष्कळ उरले. ही श्रेणी अहवालात लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा.

आता मूळ शंकेकडे वळू. गाठीवर ज्या औषधांनी एवढा प्रभाव दाखविला, त्यांच्या तडाख्यातून निसटलेल्या पेशी वाचतातच कशा? आपल्याकडे शेतात हरळी नावाचे तण असते. नांगरट झाली, वखर फिरला, शेत आरशासारखे स्वच्छ दिसले, तरी मातीत हरळीची एखादी मुळी राहून जाते आणि अनुकूल पाऊस होताच फुटते. रसायनोपचारातील बहुतेक औषधे विभाजन पावत असलेल्या पेशींना मारतात. केस गळतात ते म्हणूनच, कारण केसांच्या मुळांतील पेशी सतत वाढत असतात. पण अस्थिमज्जेत जाऊन निपचित पडलेली कर्कपेशी विभाजनच पावत नाही, आणि औषध तिच्या अंगावरून निघून जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात ४,७०३ स्त्रियांची अस्थिमज्जा निदानाच्या वेळी तपासली होती. रोग पसरल्याची कोणतीही खूण नसलेल्या या स्त्रियांपैकी ३०.६ टक्के जणींच्या मज्जेत कर्कपेशी आढळल्या. अशांना धोका अधिक, हे खरे. परंतु त्यांतल्याही कित्येकींचा रोग पुढे कधीच उलटला नाही. बी पडलेले दिसले म्हणून ते रुजेलच असे कोणी सांगावे? पॅजेट यांचा जमिनीचा अर्धा दृष्टान्त येथे पुन्हा कामी येतो.

पेशी गाठीतून रक्तात शिरतात कोणत्या वाटेने, याचाही शोध लागला आहे. न्यू यॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखविले की, एक कर्कपेशी, रक्तवाहिनीला चिकटलेली एक भक्षकपेशी आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतील एक पेशी अशा तिघी जेथे एकत्र येतात, तेथे भिंतीत क्षणकाल दार उघडते. गाठीत अशी दारे किती, हे मोजून रोग पसरण्याचा अंदाज बांधता येतो. २०१७ मध्ये याच संशोधकांनी एक अस्वस्थ करणारे निरीक्षण मांडले. उंदरांत आणि थोड्या रुग्णांच्या ऊतींत, रसायनोपचारानंतर उरलेल्या गाठीत ही दारे वाढलेली दिसली. औषधाने झालेली जखम भरून काढण्यासाठी शरीर जी माणसे कामाला पाठविते, तीच चोराला दार उघडून देतात, असा काहीसा हा प्रकार. यावरून 'केमोथेरपीने कर्करोग पसरतो' अशी हाकाटी काही ठिकाणी झाली. ती चुकीची होती. औषधे आधी आणि औषधे मागाहून यांची तुलना करणाऱ्या दहा प्रयोगांतील ४,७५६ स्त्रियांची माहिती २०१८ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षांत दूरवर रोग पसरण्याचे प्रमाण औषधे आधी घेतलेल्यांत ३८.२ टक्के आणि मागाहून घेतलेल्यांत ३८.० टक्के भरले. गाठ जागेवर असताना औषधे दिल्याने रोग अधिक पसरत असता, तर तो फरक येथे दिसल्यावाचून राहिला नसता. भीतीपोटी उपचार नाकारणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

अलीकडच्या काळातील सर्वांत आशादायक साधन रक्ताचे आहे. मरणाऱ्या पेशी आपल्या जनुकद्रव्याचे तुकडे रक्तात टाकतात; काही तासांत ते नाहीसे होतात. गाठीतील जनुकद्रव्यात जे विशिष्ट बिघाड असतात ते आधी नोंदवून ठेवले, तर नंतर रक्तात नेमके त्याच बिघाडाचे तुकडे शोधता येतात. ते सापडले, तर कोठेतरी कर्कपेशी जिवंत आहेत असा अर्थ होतो. लंडनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ५५ स्त्रियांवर ही परीक्षा करून दाखविले की, रोग उलटल्याचे इतर मार्गांनी कळण्याच्या मध्यमानाने सुमारे आठ महिने आधी रक्तात त्याची चाहूल लागते. आठ महिने! ऐकणाऱ्याला वाटते, मग प्रत्येकीच्या रक्ताची ही परीक्षा का करू नये?

याचे उत्तर देणारा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला, आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ट्रिपल निगेटिव्ह रोगाचे उपचार पुरे केलेल्या स्त्रियांचे रक्त वारंवार तपासावयाचे आणि चाहूल लागताच त्यांच्यापैकी काहींना नवे औषध द्यावयाचे, अशी योजना होती. औषधासाठी निवडलेल्या ३२ जणींचे चित्रण केले तेव्हा २३ जणींत रोग आधीच दूर पसरलेला दिसला. घंटा वाजली तेव्हा घराला आग लागलेलीच होती. म्हणून परीक्षा निरुपयोगी ठरते असे नाही. ती अधिक सूक्ष्म हवी आणि चाहूल लागल्यावर करावयाचा उपायही हाती हवा. याच धड्याचा जुना पाठ इटलीत १९९४ मध्ये मिळाला होता. उपचार संपलेल्या स्त्रियांची वरचेवर क्षकिरण तपासणी आणि हाडांचे चित्रण करणे आणि केवळ नेहमीची वैद्यकीय तपासणी व स्तनाचे क्षकिरणचित्र एवढेच करणे, यांची तुलना करणारे दोन प्रयोग त्या वर्षी प्रसिद्ध झाले. एकात १,३२० स्त्रिया होत्या, दुसऱ्यात १,२४३. दोहोंतही जास्त तपासण्यांनी आयुष्य वाढले नाही. दुखणे काही नसताना दर सहा महिन्यांनी सर्वांगाचे चित्रण करून घेण्याची जी प्रथा आपल्याकडील सुखवस्तू कुटुंबांत पडू लागली आहे, तिला आधार नाही तो यामुळे.

उलट, भाकीत जेथे उपचार बदलते तेथे त्याचे मोल मोठे आहे. हर-टू प्रकारच्या रोगात औषधांनंतरही गाठीचा अंश उरलेल्या १,४८६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. नेहमीचे औषध चालू ठेवण्याऐवजी विषारी औषध जोडलेले प्रतिपिंड निम्म्या स्त्रियांना दिले. तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी ८८.३ टक्के आक्रमक रोगापासून मुक्त होत्या. नेहमीचे औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ७७ टक्के होते. हर-टू नसलेल्या रोगासाठी जपान आणि कोरिया येथे ९१० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोग उरलेल्यांना कॅपेसिटाबीन या गोळ्या दिल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८३.६ टक्क्यांवरून ८९.२ टक्क्यांवर गेले. 'अंश उरला आहे' हे वाक्य पूर्वी केवळ दुःखद होते. आता ते पुढील औषधाची दिशा दाखविते.

भाकिताचा हा आकडा समजून कसा घ्यावा? महाराष्ट्रात दरवर्षी पिकांची पैसेवारी काढतात. गावातील निवडक शेतांत पीक कापून, मळून, तोलून पाहतात आणि नेहमीच्या मानाने रुपयात किती पैसे पीक आले हे त्या गावापुरते ठरवितात. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, असे तिचे टप्पे असतात. गावाची पैसेवारी ६० आली म्हणून विहिरीजवळच्या शेताला तेवढेच आणि माळावरच्या शेतालाही तेवढेच पिकले असे होत नाही. मदतीचा निर्णय गावापुरता घ्यावयाचा असतो, म्हणून ती लागते. डॉक्टरांचे टक्के असेच गावाचे असतात. शंभर सारख्या स्त्रियांपैकी इतक्यांचे असे झाले, एवढेच ते सांगतात. गाठीचा पहिला अहवाल हा नजरअंदाज, आणि रसायनोपचारानंतरचा अहवाल ही सुधारित पैसेवारी. अंतिम आकडा काळच देतो.

तो काळ मात्र सर्वांना सारखा नाही. ट्रिपल निगेटिव्ह रोग उलटावयाचा असला तर बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत उलटतो, आणि ती ओलांडली की धोका खूप उतरतो. संप्रेरकांवर पोसणारा रोग संथ आणि चिवट. पाच वर्षे गोळ्या घेऊन तोवर निरोगी राहिलेल्या ६२,९२३ स्त्रियांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत दूरच्या इंद्रियांत रोग उद्भवण्याचे प्रमाण, गाठ लहान आणि काख स्वच्छ असलेल्यांतही १३ टक्के होते. गाठ तेवढीच लहान, पण काखेतील चार ते नऊ ग्रंथींत रोग असलेल्यांत ते ३४ टक्क्यांपर्यंत गेले. यांपैकी पुष्कळ स्त्रियांवरील उपचार जुन्या काळचे होते, हे लक्षात घेतले तरी 'पाच वर्षे झाली, आता गोळ्या कशाला' हा हिशेब या प्रकारात बरोबर नाही, हे उघड आहे. गोळ्या किती वर्षे घ्याव्यात हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या विषयात घातलेली भर येथे सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेच्या क्षणी गाठ हाताळताना पेशी उडत असतील, तर त्या क्षणापूर्वी गाठीभोवती साधे बधिरीकरणाचे औषध टोचून पाहावे, अशी कल्पना डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. १,५८३ स्त्रियांवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. या स्त्रियांना आधी रसायनोपचार दिलेला नव्हता, म्हणून आपल्या प्रश्नाला हे थेट उत्तर नव्हे. पण काही रुपयांच्या औषधाने एवढे साधावे ही गोष्ट आपल्यासारख्या देशाला महत्त्वाची आहे.

उपचार संपल्यानंतर रुग्णाने आणि घरच्यांनी करावयाचे काम त्या मानाने साधे आहे. ठरलेल्या तारखेला दाखवावे, वर्षातून एकदा स्तनाचे क्षकिरणचित्र काढावे आणि नवी गाठ, अनेक आठवडे न हटणारी हाडदुखी, धाप, कावीळ, कारणावाचून घटणारे वजन किंवा नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी यांपैकी काही आढळले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि कागद जपावेत. बदलीची नोकरी असो की मुलाच्या गावी जाऊन राहणे असो, दहा वर्षांनी दुसऱ्या शहरातील नव्या डॉक्टरापुढे बसण्याची वेळ येते तेव्हा पहिल्या तुकडा-तपासणीचा अहवाल, संप्रेरक आणि हर-टू यांच्या परीक्षा, दिलेल्या औषधांची यादी आणि शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल एवढे चार कागद लागतात. रुग्णालयात मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला मूळ गाठीचा तुकडाही मागून मिळू शकतो. पुढे कोठे नवा डाग दिसलाच, तर शक्य असेल तेथे त्यातलाही तुकडा काढून या जुन्या तुकड्याशी ताडून पाहतात; कारण इतक्या वर्षांत रोगाच्या खुणा बदललेल्या असू शकतात, आणि त्यांबरोबर औषधही.